बुर्गीच्या कुरणाचं फाटक

आमच्या गावच्या बसथांब्यावर दर वर्षी जून लागला की एक कागद चिकटलेला दिसायचा. ‘रविवारी लेर्शबोडनच्या कुरणावर चालत जायचं आहे. मुलांना घेऊन या. रडणारी, रुसणारी, अर्ध्या वाटेत फतकल मारून बसणारी, सगळी चालतील. मोठ्यांनी मात्र नीट वागावं.’ खाली सही, बुर्गी. फोन नंबर नाही, वेळ नाही. पहिल्या बसने जे उतरतील त्यांना घेऊन ती निघायची. पर्यटन कचेरीतल्या मुलीने एकदा सुचवलं, की ते शेवटचं वाक्य काढून टाका, पाहुण्यांना लागतं. बुर्गी म्हणाली, "लागावं म्हणूनच लिहिलंय."

तिचं पूर्ण नाव नोटबुर्गा. उंची बेताची, पोटऱ्या दगडासारख्या, आणि राग कायम नाकावर. मी सेराफिन. कुरणावर माल नेणारा रोपवे मी चालवतो. पीठ, मिठाचे दगड, गॅसच्या टाक्या वर जातात आणि चीज खाली येतं. त्यात माणसं बसवायची नाहीत असा नियम आहे आणि तो मी पाळतो, त्यामुळे वर काम निघालं की मलाही पाय तुडवत जावं लागतं. लेर्शबोडनचं कुरण सात घरांच्या मालकीचं, त्यातलं एक घर माझं. बुर्गीच्या मालकीचं तिथे गवताचं पातंही नाही. सातही घरांची गुरं उन्हाळाभर वर राखायची, चीज करायचं, वरच्या खोपीत येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घालायचं, हे तिचं काम. सप्टेंबरात गुरं खाली उतरली की सातही घरं खानावळीत बसून हात वर करतात आणि पुढच्या वर्षी कुरण कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवतात. बुर्गी तरुण होती तेव्हापासून ते तिच्याच हाती होतं.

मला मुलांची आवड नाही, हे आधीच सांगून टाकतो. किंचाळणं सहन होत नाही. पण बुर्गीविषयी गावात काय काय बोललं जातं ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून हे लिहितोय.

ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा विशीत होती आणि पाठीवरच्या टोपलीत तान्ही पोर होती. बाप कोण, हे गावाने सरळ विचारलं, आडून विचारलं, चर्चच्या पायरीवर अडवून विचारलं. तिने दाद दिली नाही. सात घरांचा तेव्हाचा अध्यक्ष, म्हणजे आत्ताचा अध्यक्ष कोर्बिनियन याचा बाप, तिच्या मागोमाग वर गेला आणि म्हणाला, "कुरणावर तान्ही पोरं चालत नाहीत."

"नाही ना चालत?" बुर्गी म्हणाली. "मग उद्या पहाटे दूध तुम्ही काढा." आणि टोपली उचलून चालती झाली.

त्याने काढून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिला परत बोलवायला तिच्या आईच्या दारात आला, तेव्हा त्याची बोटं वाकत नव्हती. तिची थेक्ला मग वरच वाढली. ताकाच्या बादलीला धरून उभी राहिली, वासरांच्या मागे रांगली, आणि मोठी झाल्यावर हॅम्बुर्गला जाऊन जहाजांची इंजिनं दुरुस्त करायला लागली. आता डोंगराकडे ढुंकूनही बघत नाही. कुणी खोचकपणे त्याची आठवण करून दिली की बुर्गी म्हणते, "नसेल बघत. कुठेही जायला पाय लागतात, ते इथे तयार झाले."

थेक्ला गेल्यावर ते रविवार सुरू झाले. एकटी पडली बिचारी, असं गाव म्हणालं. बिचारी हा शब्द तिच्या तोंडावर वापरायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

मी कधीमधी त्या रांगेच्या मागून चालत गेलोय, म्हणून मला तिची पद्धत ठाऊक आहे. सगळ्यात लहान पोर सगळ्यात पुढे. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, बापाने तर नाहीच. ते थांबलं की रांग थांबली. मुंग्यांचं वारूळ आलं तर सगळ्यांनी वारूळ बघायचं, आणि ओढ्यात दगड टाकायचे असतील तर सगळ्यांनी टाकायचे. महागडे बूट घातलेले, मनगटावर घड्याळात पावलं मोजणारे बाप पहिल्या तासात नुसते धुमसत असतात.

"या वेगाने आपण संध्याकाळपर्यंत तरी पोचू का, बाई?" असं एकाने माझ्यासमोर विचारलं होतं. ग्रेगोर त्याचं नाव, इन्सब्रुक शहरातला वकील. बायको युडिथ, तिच्या पाठीवर तान्हा मुलगा, आणि पुढे सहा वर्षांची ओटिली. तिचे समोरचे दोन्ही दात पडलेले होते आणि ती भोकातून सारखी जीभ बाहेर काढून दाखवायची.

"पहिली गोष्ट, वाटेतल्या पाणवठ्याच्या वर बाई, साहेब, अहो, जाहो काही नसतं," बुर्गी म्हणाली. "मी बुर्गी, तू ग्रेगोर. आणि दुसरी गोष्ट, तुला कुठे पोचायचंय?"

"वर. खोपीत."

"मग तू जा की. वाट सरळ आहे. ही पोरगी डोंगरावर आलीये, खोपीत नाही."

त्या दिवशी ते लोक वर पोचले तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. बुर्गीने तव्यावर अंड्याचं गोड धिरडं टाकलं, उलथन्याने फाडून तुकडे केले, वर साखर भुरभुरली आणि भलंमोठं ताट मधोमध ठेवलं. ओटिलीने तिघांचं खाल्लं. नंतर ती वासरांत गेली आणि सात घरांतल्याच झेन्झीकाकूंच्या गाम्स नावाच्या करड्या गाईने तिचं कोपर चाटलं. ही पोरगी एवढी हसली की माझे कान बसले. पुढच्या रविवारी ते कुटुंब परत आलं. त्याच्या पुढच्याही आलं. वकील आता पाणवठ्याला पोचला की घड्याळ काढून खिशात घालायचा.

कोर्बिनियनला हे सगळं आधीपासूनच खुपत होतं. तो आणि बुर्गी एका वर्गात होते, आणि माझ्या मते त्यांचं भांडण तिथलंच आहे. बाप गेल्यावर अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. त्याला वर वेगळं काहीतरी करायचं होतं. शांत कुरण, मोठ्यांसाठीच, गरम पाण्याचे लाकडी टब, संध्याकाळी वाइन. त्याचा पुतण्या हॉटेलचं शिकून आला होता आणि खोप हातात घ्यायला टपून बसला होता. त्यासाठी बुर्गी निघायला हवी होती, आणि बुर्गीला काढायला कारण हवं होतं. ऑगस्टच्या शेवटी ते त्याला मिळालं.

कुरणाच्या पश्चिम अंगाला घळ आहे. तिच्या अलीकडे लाकडी फाटक, गावाची नेहमीची वाट त्यातूनच जाते. येणाऱ्याजाणाऱ्याने ते लावायचं, आणि बुर्गीच्या रांगेत ते लावायचा मान सगळ्यात शेवटच्याचा. त्या रविवारी परतताना ओटिलीने हट्ट धरला, आज मी शेवटी. पुढे राहून राहून तिला कंटाळा आला होता. बुर्गी म्हणाली, "राहा." रांग पुढे गेली. पोरीने फाटक ओढलं, अगदी चौकटीला टेकवलं. पण कडी तिच्या डोक्याच्याही वर. उड्या मारून पोचेना. हाक मारावी तर शेवटचा मान जाणार. तिने एक धोंडा आणला, फाटकाला लावला आणि धावत रांगेत सामील झाली.

सगळ्यांना खाली सोडून बुर्गी ओढ्याकाठच्या वाटेने वर आली, त्यामुळे फाटक तिला लागलंच नाही. संध्याकाळी वारा सुटला. मी त्या दिवशी रोपवेचं वरचं चाक बघायला गेलो होतो आणि रात्री वरच राहिलो, म्हणून सकाळी बुर्गीबरोबर गुरं मोजताना मीच होतो. एक कमी भरली. फाटक सताड उघडं होतं, धोंडा बाजूला लोळत होता. घळीच्या काठावरून बुर्गी खाली बघत उभी राहिली. तळाशी गाम्स पडली होती, मान भलतीकडे वळलेली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर ती म्हणाली, "गप्प बस, सेराफिन." मग काठावर बसली आणि रडली. हुंदके देऊन, नाक शिंकरत, अजिबात लाज न बाळगता रडली. तीसेक वर्षांत तिच्या हातून वीज आणि आजार सोडून एकही जनावर गेलं नव्हतं.

रडून झाल्यावर तिने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं आणि खाली गावात गेली. कुणाला पाठवलं नाही. स्वतः झेन्झीकाकूंच्या दारात उभी राहिली आणि सांगितलं, तुमची गाय घळीत पडली, फाटक उघडं राहिलं, शेवटी एक सहा वर्षांची मुलगी होती, आणि ते तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही. झेन्झीकाकू म्हणजे क्रेसेन्झ, आमच्या सातांमधली सगळ्यात म्हातारी, नवरा जाऊन जमाना झालेला. अतिशय तुसडी बाई. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कोर्बिनियन माझ्याकडे आला. चेहरा दुःखी, पण चाल लग्नाला निघाल्यासारखी.

"मी सांगत नव्हतो? पोरांचा बाजार भरवलाय नुसता. आज गाय गेली, उद्या पोर जाईल."

"आजवर गेलं नाही," मी म्हणालो.

"तू तिच्या बाजूने आहेस का, सेराफिन?" त्याने रोपवेच्या चाकावर हात ठेवला. रोपवेचं काम कुणाला द्यायचं तेही अध्यक्षच ठरवतो, हे त्याला सांगायची गरज नव्हती. "गुरं उतरतील त्या दिवशी ठराव मांडतोय. दहा वर्षांखालच्या मुलांना फाटकापासून बंदी. हे कबूल असेल तर बुर्गीने राहावं. नसेल तर आपला रस्ता धरावा."

मी त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण पोटाचा प्रश्न होता.

हा ठराव बुर्गीला कुणी सांगितला असेल? मीच. चीजच्या परातीसमोर उभी राहून तिने ऐकला आणि हात न थांबवता म्हणाली, "पोरांशिवाय हे कुरण मला नको. त्याला सांग. नाहीतर राहू दे, मीच सांगेन, सगळ्यांसमोर."

"अगं, पण जाशील कुठे?"

"पाय आहेत ना मला."

इन्सब्रुकच्या लोकांना खबर लागली तसे ते हादरले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वकिलाने चार ओळींचं पत्र पाठवलं, दुसरी गाय घेऊन देतो, ओटिलीला याविषयी काही सांगितलेलं नाही, ती लहान आहे, आणि यापुढे आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही. बुर्गी खाली माझ्या खोलीत आली आणि माझ्याच फोनवरून तिने त्याला फोन लावला. मी जायला उठलो तर म्हणाली, "बस. साक्षीला बस."

"ग्रेगोर, त्रास नाही देणार म्हणजे काय? पोरीला काय सांगितलंस मग? डोंगर बंद झाला?... पावसाचं कारण सांगितलंस. वा! म्हणजे तिच्या हातून एक गाय गेली आणि बापाने खोटं सांगून ती पचवली, हे तिला मोठेपणी कळू दे, असंच ना?... रडेल. रडू दे. मीही रडले. माझं काही वाकडं झालं नाही... तू तिला खरं सांग, आणि गुरं उतरतात त्या दिवशी तिला घेऊन ये. गाय जिची होती त्या म्हातारीला पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगायचंय. मी असेन बाजूला... नाही, फुलं-बिलं आणू नका, कुणी मेलं नाहीये. म्हणजे गाय मेलीये, पण तिची फुलं खाऊन झालीत." आणि तिने फोन ठेवला.

आमच्याकडे गुरं उतरतात तो दिवस म्हणजे सणच असतो. उन्हाळा सुखरूप गेला असेल तर गाईंच्या शिंगांना देवदाराच्या फांद्या, फिती, कागदी गुलाब, आरसे असे मुकुट चढवतात. एक जरी जनावर दगावलं असेल तर कळप बोडका उतरतो. मग राखणदार शक्यतो उजाडताना मागच्या रस्त्याने, ओढ्याकाठून गुरं घरोघर पोचवतो. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. कोर्बिनियनने बुर्गीला निरोप धाडला, पहाटे मागून आण, दुपारी पाहुण्यांच्या बसगाड्या येणार आहेत, बँड आहे, शोभा नको.

बुर्गी भर दुपारी आली. मोठ्या रस्त्याने, चर्चसमोरून.

दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी, फोन वर धरलेले. बँडवाल्यांनी एक सूर धरला आणि पहिली गाय दिसताच तो तसाच सोडून दिला. एकाही शिंगावर पान नव्हतं. नुसत्या घंटा वाजत होत्या. पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, सजावट कुठेय, आम्ही यासाठी आलोय. गावची माणसं जमिनीकडे बघत होती. आणि सगळ्यांत पुढे बुर्गी, कपाळावरचा घाम न पुसता, सरळ लोकांच्या डोळ्यांत बघत चाललेली. तिच्या एका बाजूला ओटिली होती. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते. मागे आईबाप आणि ते तान्हं.

"बुर्गी, हे काय मांडलंयस?" कोर्बिनियन दातओठ खात म्हणाला. "लाज आहे का?"

"आहे. म्हणून तर बोडकी आणली," बुर्गी मोठ्याने म्हणाली. "गाय गेली माझ्या हातून. लपवायची कशाला? तुझ्यासाठी मागच्या रस्त्याने जायला मी काही चोरी केलेली नाही."

झेन्झीकाकूंच्या घरापाशी त्यांच्या उरलेल्या दोन गाई आपसूक अंगणात वळल्या. म्हातारी दारात उभी होती. बुर्गीने पोरीचा हात सोडला. ओटिली दोन पावलं पुढे गेली. मग एका दमात म्हणाली, "गाम्स माझ्यामुळे पडली. मी दगड लावला होता. कडीला हात पोचत नव्हता, पण मी कुणाला सांगितलं नाही. मला शेवटी राहायचं होतं." आणि तोंड वाकडं करून परत रडायला लागली.

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग गाईंना आत घेतलं आणि अंगणाचं दार लावून घेतलं. वकिलाने डोळे मिटले. मला वाटलं, आटोपलं.

खानावळीत सात घरं बसली. म्हणजे आम्ही सहा बाप्ये आणि कोपऱ्यात झेन्झीकाकू, समोर कोऱ्या चहाचा कप. बुर्गीला मत नाही, ती दाराशी उभी. इन्सब्रुकच्या लोकांना तिने जाऊ दिलं नव्हतं, ते मागच्या बाकावर. कोर्बिनियनने टेबलाखालून एक मोठी लाकडी पाटी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी भिंतीला टेकवली. चांगल्या देवदाराची, वॉर्निश केलेली. त्यावर कोरलं होतं, ‘दहा वर्षांखालील मुलांना पुढे प्रवेश नाही.’

"ठराव व्हायच्या आधीच करून आणलीस?" मी विचारलं. मलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं.

"ठराव होणारच आहे," तो म्हणाला. "कुणाला काही बोलायचंय?"

"मला," बुर्गी म्हणाली.

"तुला मत नाही."

"मत नाही, तोंड आहे." ती पुढे आली. "फाटक उघडं राहिलं ती चूक माझी. शेवटच्याने लावायचं हा नियम मी केला, आणि शेवटी कोण आहे ते बघितलं नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला, ऐकून घेते. पण कडी तिच्या डोक्याच्या वर का आहे? मी कितीदा सांगितलं, कडी खाली घ्या."

"खाली घेतली तर गाई जिभेने उघडतात. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"आतून फळी ठोका, जीभ पोचणार नाही, हेही कितीदा सांगितलं. तू म्हणालास, चार पोरांसाठी कोण फळ्या घालवतोय. तुम्हाला फाटक मोठ्यांच्या मापाचं पाहिजे, डोंगर मोठ्यांच्या मापाचा पाहिजे, आणि मग पोरं घरात बसून डोळे फोडून घेतात म्हणून हळहळायचं. ही पाटी लावायची असेल तर खुशाल लावा. मी उद्या सामान बांधते. पण मी गेल्यावर तिच्यामागे उभं राहून पोरांना परत पाठवायला तुम्ही स्वतः उभे राहा. रडणाऱ्या पोराला तोंडावर नाही म्हणून बघा एकदा."

कोर्बिनियन म्हणाला, "झालं? मग बंदीच्या बाजूने हात वर." त्याचा वर गेला. त्याच्या दोन्ही चुलतभावांचे गेले. तीन. त्याने माझ्याकडे बघितलं. मी माझे हात मांडीखाली घालून बसलो होतो, अगदी शाळेतल्यासारखा. खाटीक आणि सरपंचाचा जावई दोघेही बुर्गीच्या रविवारांना येणाऱ्या कुटुंबांना मांस आणि पाव विकून चार पैसे मिळवतात, ते टेबलाकडे बघत राहिले. राहिली झेन्झीकाकू.

"काकू, गाय तुमची गेलीये," कोर्बिनियन गोड आवाजात म्हणाला. "तुमचा शब्द."

म्हातारीने कप खाली ठेवला. "कोर्बिनियन, माझा नवरा तुला आठवतो?"

"आठवतो ना. देवमाणूस."

"देवमाणूस कसला. दारुडा होता. बुर्गी वर जायच्याही आधी, ह्याच फाटकातून एकदा रात्री आला आणि ते उघडं टाकलं. दोन गाई गेल्या, दोन्ही गाभण. मला येऊन सांगितलं, वीज पडली. मेला तोवर वीजच पडली होती. तुझ्या बापाला ठाऊक होतं, या टेबलावरच्या सगळ्यांच्या बापांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी माझ्यासमोर विजेबद्दल दुःख केलं." तिने बुर्गीकडे आणि मग मागच्या बाकाकडे बोट केलं. "इतक्या वर्षांत माझ्या दारात येऊन कुणी खरं बोललं असेल तर हिने, आणि त्या बोळक्या पोरीने. तेव्हा नवऱ्यांना प्रवेश नाही अशी पाटी कुणी लावली होती का रे? लावली असती तर मी रोज पुसायला गेले असते."

खाटीक फस्सकन हसला आणि मग सगळं टेबलच हसत सुटलं. कोर्बिनियनचे चुलतभाऊसुद्धा.

"हसू नका," म्हातारी खेकसली. "पोरीला मी माफ केलेलं नाही. गाय चांगली होती माझी. पुढच्या उन्हाळ्यात ती वर आली पाहिजे. माझं वासरू वर जाणार आहे, त्याच्याकडे बघायला मला खरं बोलणारं माणूस पाहिजे. आणि माझा हात खालीच आहे, नीट बघून घे."

तीन विरुद्ध चार. कोर्बिनियनने दोनदा मोजलं, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर एखादा हात सापडणार होता. मग बुर्गीच्या नावावर हात वर करायची पाळी आली. मांडीखालचे माझे दोन्ही हात वर गेले, तेव्हा खाटीक म्हणाला, "एकच पुरे रे, सेराफिन." रोपवेचं जे व्हायचं ते होवो, मला त्या क्षणी जे बरं वाटलं ते कुणाला सांगता येणार नाही.

बुर्गीने आभार मानले नाहीत. ती भिंतीपाशी गेली, पाटी उचलली, बोटाने ठोकून बघितली आणि काखेत मारली.

"ए, ती माझी आहे!" कोर्बिनियन उठला. "खर्च केलाय मी तिच्यावर!"

"लाकूड चांगलं घेतलंस," बुर्गी म्हणाली. "फाटकाला आतून ठोकते. अक्षरं गाईंच्या बाजूला करते, त्यांना वाचता येत नाही. चल गं ओटिली, कडी कुठवर घ्यायची ते तुझा हात लावून दाखव. उजेड आहे तोवर वर पोचू."

"आत्ता?" वकील म्हणाला. "आत्ता परत वर?"

"तू बस इथे, ग्रेगोर," बुर्गी दारातून म्हणाली. "आम्ही दोघी आमच्या चालीने जातो."